इंजिनातला कार्बन काढला की जुन्या टर्बो गाडीची ताकद परत येते का?

टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र, असलेली गाडी सात-आठ वर्षांची झाली, लाखभर किलोमीटर चालली, की मालकांच्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. पिकअप पूर्वीसारखा राहिला नाही. चढावर खालचा गिअर टाकावा लागतो. सकाळी सुरू केली की मिनिटभर थरथरते. ॲव्हरेजही उतरलंय. सर्व्हिसिंगला नेली की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "इंजिनात कार्बन धरलाय, कार्बन क्लीनिंग करून घ्या, गाडी नव्यासारखी होईल."

यातलं "कार्बन धरलाय" हे बहुतेक वेळा खरं असतं. एवढ्या चाललेल्या इंजिनात कार्बन असतोच. पण गाडीची ताकद त्या कार्बननेच खाल्ली आहे का, आणि सुचवलेली सफाई त्या कार्बनपर्यंत पोहोचते का, हे दोन प्रश्न कुणी विचारत नाही. ते न विचारता सफाई केली तर पैसे जातात आणि खरा दोष आत तसाच वाढत राहतो.

## कार्बन येतो कुठून?

इंधन आणि इंजिन ऑइल नीट जळलं नाही की मागे काळा, चिकट किंवा दगडासारखा कडक थर उरतो. गॅरेजच्या भाषेत तोच कार्बन. तो निव्वळ कार्बन नसतो. अर्धवट जळलेलं इंधन, भाजून घट्ट झालेलं ऑइल आणि ऑइलमधल्या रसायनांची राख असं सगळं त्यात असतं.

हा माल इंजिनात हवा जाण्याच्या वाटेवर दोन मार्गांनी येतो. पहिला मार्ग पिस्टनच्या बाजूचा. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला शंभर टक्के सील करत नाहीत. जळत्या वायूंचा थोडा भाग त्यांच्या फटीतून खाली, ऑइल असतं त्या भागात उतरतो. याला ब्लो-बाय म्हणतात. तिथे तो ऑइलचे बारीक थेंब सोबत घेतो. हे वायू बाहेर सोडले तर प्रदूषण होतं, म्हणून एका नळीने ते पुन्हा इंजिनाच्या हवेत मिसळले जातात. टर्बो इंजिनात सिलिंडरमधला दाब जास्त, त्यामुळे ब्लो-बायही जास्त. शिवाय टर्बोचा स्वतःचा दांडा ऑइलवर फिरतो. त्याची सील झिजली की तिथूनही ऑइल हवेच्या वाटेत झिरपतं.

दुसरा मार्ग ईजीआरचा. सिलिंडरमधलं तापमान कमी राहावं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी तयार व्हावेत, म्हणून धुराचा काही भाग परत इंजिनात सोडतात. ती व्यवस्था म्हणजे ईजीआर. डिझेल इंजिनात हा धूर काजळीने भरलेला असतो.

स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन आठवा. तेलाची वाफ पात्यांवर बसते, त्यावर धूळ चिकटते, उष्णतेने थर भाजत जातो. आठवड्याभराचा थर साबणाच्या पाण्याने निघतो, दोन वर्षांचा सुरीने खरवडावा लागतो. इंजिनाच्या हवेच्या वाटेवर हेच घडतं, फक्त उष्णता कितीतरी जास्त असते.

## पेट्रोल टर्बोची खास अडचण

जुन्या पद्धतीच्या पेट्रोल इंजिनात इंधन फवारणारा इंजेक्टर सिलिंडरच्या बाहेर, इनटेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपेच्या, अलीकडे असतो. पेट्रोलचा फवारा थेट व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो आणि त्यातली स्वच्छ करणारी रसायनं ती पाठ सतत धूत राहतात. आता बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत सोडलं जातं. त्याला डायरेक्ट इंजेक्शन म्हणतात. १९९६ मध्ये मित्सुबिशीने गॅलंट गाडीत ते आणलं आणि पुढे टर्बोबरोबर त्याची जोडी जमली. बाहेरच्या इंजेक्टरला तीन-चार बार दाब पुरतो. इथे तो शंभर-दोनशे बार, नव्या इंजिनांत ३५० बारपर्यंत जातो. फायदे खरे आहेत: पेट्रोल सिलिंडरच्या आतच वाफ होऊन हवा थंड करतं, त्यामुळे टर्बोचा दाब वाढवता येतो आणि छोट्या इंजिनातून मोठी ताकद निघते.

पण व्हॉल्व्हची पाठ धुणारं आता कुणी उरलं नाही. ऑइलची वाफ येत राहते आणि गरम व्हॉल्व्हवर भाजत राहते. अशा इंजिनाचं मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग) काढून बारीक कॅमेरा आत घातला की व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती, जिथे तो छत्रीसारखा पसरतो तिथे, खडबडीत काळे गोळे दिसतात. बाहेरून कोरडे, ठिसूळ. नखाने उकरलं तर आतून डांबरासारखे. नव्या व्हॉल्व्हची गुळगुळीत उतरण हवेला वळवून आत नेते. इथे ती उतरणच हरवलेली असते.

कंपन्यांना ही अडचण ठाऊक आहे. टोयोटाने २००५ मध्ये लेक्सस आयएस ३५० च्या इंजिनात आत आणि बाहेर असे दोन्ही इंजेक्टर बसवले, आणि नंतर इतर कंपन्यांच्या काही इंजिनांतही ही जोडी आली. तुमच्या गाडीत अशी दुहेरी व्यवस्था असेल किंवा इंजेक्टर बाहेरच असेल, तर इनटेक व्हॉल्व्हवरच्या कार्बनची चिंता बरीच कमी करा. टर्बो आहे म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन आहेच असं नाही. गाडीच्या पुस्तिकेत किंवा इंजिनाच्या तपशिलात हे सापडतं, आणि सफाईचा विचार करण्याआधी पाहण्याची पहिली गोष्ट हीच.

## डिझेलमध्ये कार्बन वेगळ्या जागी बसतो

डिझेलमध्ये ईजीआरची काजळी आणि ब्लो-बायचं ऑइल इनटेक मॅनिफोल्डमध्ये एकमेकांना भेटतात आणि त्यांचा चिखल होतो. काही जुन्या इंजिनांत मॅनिफोल्डचं तोंड निम्म्याहून अधिक बुजलेलं सापडतं. ईजीआरचा व्हॉल्व्ह या चिखलात अडकून उघडाच राहिला, तर ताज्या हवेच्या जागी धूर आत जात राहतो. मग गाडी ओढत नाही आणि मागून काळा धूर सोडते.

दुसरी जागा टर्बोची. बहुतेक आधुनिक डिझेल टर्बोंत एक्झॉस्टच्या बाजूला हलत्या पात्यांची कडी असते. इंजिनाचा वेग कमी असताना पाती मिटतात, वायूचा झोत जोरदार होतो, टर्बो लवकर फिरतो. वेग वाढला की ती उघडतात. पात्यांच्या सांध्यांत काजळी आणि गंज बसला की ती मध्येच अडकतात. उघड्या स्थितीत अडकली तर खालच्या वेगात गाडीला दम राहत नाही. मिटलेल्या स्थितीत अडकली तर दाब प्रमाणाबाहेर चढतो आणि इंजिनाचा कॉम्प्युटर स्वतःहून ताकद तोडतो. ओव्हरटेक करताना गाडी एकदम मेल्यासारखी होते, बाजूला घेऊन बंद-चालू केली की पुन्हा बरी चालते. हे या दोषाचं अगदी ओळखीचं लक्षण आहे.

तिसरी जागा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती तुंबली की इंजिनाला धूर बाहेर टाकायलाच कष्ट पडतात.

## ताकद नेमकी कशी कमी होते?

व्हॉल्व्हवरचा थर हवेची वाट अरुंद करतो आणि तिचं आतलं वळण बिघडवतो. हवा-इंधनाचं मिश्रण सगळ्या सिलिंडरांत सारखं होत नाही. थंड इंजिनावर याचा त्रास सर्वांत जास्त होतो, म्हणून सकाळची थरथर आणि मिसिंग ही या दुखण्याची सुरुवातीची खूण. वरच्या वेगात, म्हणजे इंजिनाला भरपूर हवा लागते तेव्हा, गाडी गळा धरल्यासारखी वाटते. मधल्या वेगात, रोजच्या चालवण्यात, फरक जाणवेलच असं नाही.

पिस्टनच्या माथ्यावर आणि ज्वलनकक्षात बसलेला थर वेगळं काम करतो. तो उष्णता धरून ठेवतो, कक्षाची जागा किंचित कमी करतो आणि त्यामुळे नॉकिंगची, म्हणजे मिश्रण नको तेव्हा स्फोटासारखं पेटण्याची, शक्यता वाढते. नॉक सेन्सरला ते कळलं की कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण ताकद थोडी जाते. हा थर मात्र अमर्याद वाढत नाही. ठराविक जाडीनंतर जितका बसतो तितका झडतही राहतो.

## स्कॅनरवर काय पाहायचं

सगळ्या लेखातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि गॅरेजमध्ये नेमका हाच वगळला जातो.

टर्बो किती दाब देतोय हे मोजणारा सेन्सर मॅनिफोल्डच्या बाजूला, म्हणजे व्हॉल्व्हच्या अलीकडे असतो. किती हवा इंजिनात जातेय हे मोजणारा सेन्सर बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरच्या लगेच पुढे असतो. साध्या स्कॅनरवर हे आकडे चालत्या गाडीत दिसतात. सोबत कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाबही दिसतो.

आता विचार करा. कार्बन व्हॉल्व्हवर बसला असेल तर तो दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या पलीकडे आहे. टर्बो आपलं काम करतो, मॅनिफोल्डमध्ये मागितलेला दाब भरतो, सेन्सर "सगळं ठीक" सांगतो. तरी सिलिंडरात हवा कमी उतरते. दाब बरोबर आणि हवा कमी, असं चित्र दिसलं तर अडथळा मॅनिफोल्डच्या पुढे आहे. व्हॉल्व्हवरच्या कार्बनचा संशय घ्यायला जागा आहे, व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ ठरवणाऱ्या कॅमशाफ्टचं टायमिंग सरकलेलं नाही एवढं आधी पाहून घ्यायचं.

पण मागितलेला दाब मिळतच नसेल, तर व्हॉल्व्हवरच्या कार्बनला दोष देता येत नाही. तेव्हा टर्बोच्या पुढची फुटलेली होज, ढिला क्लॅम्प, इंटरकूलरची (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाची) गळती, नीट न मिटणारा वेस्टगेट (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप), अडकलेली पाती, कडक होऊन तडकलेली व्हॅक्यूमची बारीक नळी, नाहीतर तुंबलेला एक्झॉस्ट यांपैकी काहीतरी शोधावं लागतं. जुन्या गाडीत यातल्या रबराच्या गोष्टी कार्बनइतक्याच म्हाताऱ्या झालेल्या असतात. फुटलेली होज फसवी असते. इंजिन नुसतं चालू असताना तिची चीर मिटलेली असते, हाताला काही लागत नाही. दाब चढला की ती ओठांसारखी उघडते आणि हवा फुस्स करून निघून जाते. चिरेभोवती ऑइलचा ओला, धूळ चिकटलेला डाग मात्र राहतो. तो डाग शोधायला टॉर्च आणि कापड पुरतं. सापडला नाही तर हवेच्या वाटेत धूर भरून गळती पकडता येते.

पेट्रोल गाडीत याच वेळी स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइलही तपासाव्यात. टर्बोच्या दाबाखाली ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजलेला प्लग साध्या चालण्यात ठीक वाटतो आणि पूर्ण ॲक्सिलेटरवर दगा देतो. डिझेलमध्ये तुंबलेलं डिझेल फिल्टर हुबेहूब कार्बनसारखी लक्षणं दाखवतं.

## कोणती सफाई कुठवर पोहोचते?

"कार्बन क्लीनिंग" या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

टाकीत ओतायचं औषध इंधनाबरोबर जातं, म्हणून इंधन जिथे जातं तिथेच काम करतं: इंजेक्टरची टोकं, ज्वलनकक्ष, आणि इंजेक्टर बाहेर असेल तर व्हॉल्व्हची पाठ. पेट्रोलच्या औषधात पॉलिइथर अमाइन हे रसायन असेल तर इंजेक्टर आणि कक्षासाठी त्याचा उपयोग होतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या व्हॉल्व्हला मात्र ते शिवतही नाही, बाटलीवर काहीही छापलेलं असो.

हवेच्या वाटेत मारायचा फवारा व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतो. ताजा, ओलसर थर तो मऊ करतो. वर्षानुवर्षं भाजलेला थर त्याने वरवर ओला होतो आणि बराचसा जागेवरच राहतो. थ्रॉटल बॉडी, म्हणजे ॲक्सिलेटरने उघडणारी हवेची झडप, खोलून फवारा आणि कापडाने पुसणं हे वेगळं, साधं आणि फायद्याचं काम आहे. त्याने आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं नुसतं चालणं, सुधारतं, पण पूर्ण ॲक्सिलेटरवरची ताकद नाही.

अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा ही डायरेक्ट इंजेक्शनच्या व्हॉल्व्हसाठीची खरी भरवशाची पद्धत. इनटेक मॅनिफोल्ड काढतात. ज्या सिलिंडरवर काम करायचं त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण मिटतील अशा जागी इंजिन हाताने फिरवून आणतात. मग दाबाच्या हवेने भुकटीचा मारा करतात आणि सोबत लावलेल्या व्हॅक्यूमने ती ओढून घेतात. टरफल कार्बन फोडण्याइतकं कडक असतं, पण व्हॉल्व्हच्या पोलादाला ओरखडत नाही. बीएमडब्ल्यूने आपल्या इंजिनांसाठी ही पद्धत अधिकृत दुरुस्तीत घेतलेली आहे. काम वेळखाऊ आहे, मॅनिफोल्डची गॅस्केट नवी लागतात. पण नंतर कॅमेरा आत घातला की राखाडी धातू दिसतो, आणि ज्या इंजिनात थर खरंच जाड होता तिथे सकाळची थरथर जाते, वरच्या वेगातला दम परत येतो.

डिझेलचं मॅनिफोल्ड आणि ईजीआर व्हॉल्व्ह यांनाही काढून धुण्याला तोड नाही. टर्बोची पाती अडकली असतील तर टर्बो उतरवून ती कडी साफ करावी लागते. डीपीएफमधली काजळी जाळता येते, पण इंजिन ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती काढायला डीपीएफ उतरवून उलट्या दिशेने धुवावा किंवा फुंकावा लागतो.

## "हायड्रोजनवाली सफाई तर इंजिन न उघडता होते!"

या पद्धतीत पाण्याचं विघटन करून हायड्रोजन-ऑक्सिजनचं मिश्रण तयार करतात आणि इंजिन जागेवर चालू ठेवून अर्धा-पाऊण तास हवेच्या वाटेत सोडतात. यंत्र आकर्षक, दावा मोठा: सगळा कार्बन वायू होऊन निघून जातो.

साधा हिशोब मांडू. दीड लिटरचं चार स्ट्रोकचं डिझेल इंजिन मिनिटाला ८०० फेरे फिरतंय. दर दोन फेऱ्यांना ते साधारण दीड लिटर हवा ओढतं, म्हणजे मिनिटाला ढोबळमानाने ६०० लिटर. यंत्र तासाला १,००० लिटर वायू देत असेल, तर मिनिटाला सुमारे १७ लिटर. आत जाणाऱ्या हवेच्या तीन टक्क्यांहूनही कमी. पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल आयडलला जवळजवळ मिटलेला असतो, तिथे हे प्रमाण जास्त भरेल.

पण प्रमाणापेक्षा मोठा प्रश्न जागेचा आहे. हायड्रोजन जळतो सिलिंडरच्या आत, इनटेक व्हॉल्व्ह मिटल्यानंतर. व्हॉल्व्हच्या पाठीजवळून तो फक्त न जळता, थंडपणे निघून जातो. काजळी हवेत जळायला साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. व्हॉल्व्हची पाठ त्याच्या बरीच खाली असते, आणि आयडलला तर आणखी थंड. मॅनिफोल्डमधला चिखल, टर्बोची पाती, डीपीएफ यांनाही आयडलवरच्या अर्ध्या तासात पुरेशी उष्णता मिळत नाही.

ज्वलनकक्षाचं काय? तिथे पाण्याच्या वाफेने थर सुटतो, हे जुन्या मेकॅनिकना चांगलं माहीत आहे. हेड गॅस्केट जाऊन ज्या सिलिंडरात कूलंट गळत होतं, त्याचा पिस्टन शेजारच्यांपेक्षा चकचकीत निघतो. हायड्रोजन जळूनही वाफच होते, तेव्हा कक्षात थोडाफार परिणाम होत असेल हे मी मान्य करतो. पण जुन्या टर्बो गाडीची ताकद सहसा त्या जागी हरवलेली नसते.

## "पण सफाईनंतर माझी गाडी खरंच हलकी झाली"

असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. सफाई बहुधा सर्व्हिसिंगबरोबर होते. नवं ऑइल, नवं एअर फिल्टर, कधी नवे प्लग, थ्रॉटल बॉडी पुसलेली. बॅटरी काढून लावली किंवा स्कॅनरने कॉम्प्युटरची जुनी जुळवणी पुसली की ॲक्सिलेटरचा प्रतिसादही काही दिवस बदललेला वाटतो. यातली प्रत्येक गोष्ट गाडी सुधारू शकते. श्रेय मात्र सगळ्यात महागड्या ओळीला मिळतं. दोन-तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा पहिल्यासारखी वाटू लागली, तर कार्बन इतक्या लवकर परत आलेला नसतो. तो गेलाच नव्हता.

## "करून ठेवली तर बिघडलं काय?"

टर्बो गाडीत बिघडू शकतं. टर्बोचं चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतं. फवाऱ्याने सुटलेला कडक तुकडा एक्झॉस्टमधून जाताना त्या पात्यांवर आदळला तर त्यांच्या कडा तुटतात. हवेच्या वाटेत द्रव एकदम जास्त ओतला तर तो इंटरकूलरच्या तळाशी साचतो आणि नंतर एका घोटात सिलिंडरात शिरतो. द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून टर्बो इंजिनात फवारा टर्बोच्या आधी मारायचा नसतो. सुटलेला मळ धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये अडकणं आणि रसायन रिंगांमधून उतरून ऑइल पातळ करणं हेही घडतं, त्यामुळे फवाऱ्यानंतर ऑइल बदलणं बरं.

थर खरंच जाड असताना मात्र तो तसाच राहू देणंही चांगलं नाही, आणि कारण फक्त ताकदीचं नाही. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात कमी वेग आणि जास्त लोड असताना ऑइलचा थेंब किंवा सुटलेला कार्बनचा कण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकतो. हा धक्का पिस्टन फोडण्याइतका जोरदार असतो. यासाठीच २०२० मध्ये आलेल्या ऑइलच्या एपीआय एसपी दर्जात या दोषाची वेगळी चाचणी आहे.

## "हायवेवर जोरात पळवली की जळून जातो ना?"

काही ठिकाणचा जातो. डिझेलच्या डीपीएफमधली काजळी लांबच्या, सलग प्रवासात नीट जळते. शहरात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला असा प्रवास अधूनमधून मिळायलाच हवा. हलत्या पात्यांनाही पूर्ण फिरायची सवय राहते, ऑइलमधलं पाणी आणि इंधन उडून जातं. डायरेक्ट इंजेक्शनच्या व्हॉल्व्हवर भाजलेला थर मात्र कितीही पळवली तरी जळत नाही.

ईजीआर कायमचा बंद करून घ्यायचा सल्लाही अनेकदा मिळतो. त्याने काजळी कमी येते हे खरं, पण नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. ते इतरांच्या फुप्फुसात जातात, आणि अनेक देशांत हा बदल बेकायदा आहे. व्हॉल्व्ह धुऊन पुन्हा चालता करणं हाच योग्य मार्ग.

## सफाईने जे परत येत नाही

झिजलेल्या रिंगा, ओरखडलेले सिलिंडर, खिळखिळा झालेला टर्बोचा दांडा, गळणारे इंजेक्टर यांवर कोणतीही सफाई नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा दाबतो तेव्हाचा सिलिंडरातला दाब, तपासलं आणि एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला, तर आधी त्याचं कारण शोधा. रिंगा झिजलेल्या इंजिनाचे व्हॉल्व्ह चकचकीत केले तरी ब्लो-बाय तोच राहतो आणि थर पहिल्याहून लवकर परत बसतो. एका जागचा कार्बन तर कुठल्याच क्लीनिंगच्या वाट्याला येत नाही: टर्बोला ऑइल पुरवणाऱ्या बारीक नळीतला. तापलेलं इंजिन वारंवार झटकन बंद केलं की तिथलं ऑइल भाजून नळी आतून अरुंद होते आणि टर्बो ऑइलवाचून झिजतो. नवा टर्बो बसवताना ही नळी बदलली नाही, तर नवाही त्याच वाटेने जातो.

## गॅरेजमध्ये काय मागाल

सफाई सुचवली तर आधी व्हॉल्व्हचे किंवा मॅनिफोल्डचे कॅमेऱ्याने काढलेले फोटो मागा. मागितलेला आणि मिळालेला दाब, हवेचं प्रमाण, मिसफायरची नोंद, डिझेलमध्ये डीपीएफच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, हे आकडे आधी लिहून घ्या आणि नंतर त्याच गिअरमध्ये, तशाच रस्त्यावर पुन्हा पाहा. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही. फोटोत थर पातळ दिसला, तर सफाई पुढच्या वेळी पाहू म्हणा आणि होज, क्लॅम्प, प्लग, फिल्टर आधी नीट करून घ्या.

थर काढल्यावर तो पुन्हा लवकर बसू नये यासाठी कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल वापरा, आणि गाडी बहुतेक छोट्या अंतरावरच फिरत असेल तर ते सांगितलेल्या मुदतीच्या आधी बदला. डीपीएफ असेल तर कमी राख सोडणारं ऑइल आवश्यक आहे. क्रँककेसचे, म्हणजे पिस्टनखालच्या ऑइलच्या भागातले, वायू परत नेणाऱ्या मार्गातला पीसीव्ही व्हॉल्व्ह स्वस्त असतो आणि विसरला जातो. तो बिघडला की ऑइल अक्षरशः ओतल्यासारखं हवेच्या वाटेत जातं. आणि लांबचा चढ किंवा वेगाचा प्रवास संपला की इंजिन मिनिटभर आयडलवर चालू द्या, मग बंद करा.